हाशमभाईंची दाढी

—नाही नाही, मान मागे टाका, हाशमभाई, अजून कात्रीच चाललीय, वस्तरा नंतर. वीस वर्षांची दाढी एका हातात उतरत नाही. आधी कात्रीने बारीक करायची, मग गरम पाणी, मग फेस. या सोल्जर लोकांचं बरं असतं — रोज सकाळी माझ्या केबिनबाहेर रांग, गालावर धड लव नाही, तरी घासून घेतात. का? मास्कसाठी. मध्ये केस आला की रबर चामडीला चिकटत नाही, फट राहते, आणि इराकचा गॅस आला तर त्या फटीतूनच आत. त्यांचा सार्जंट एकेकाच्या गालावरून अंगठा फिरवून बघतो, कापडदुकानात पोत बघावा तसा. हसू नका, कात्री लागेल.

तुम्हाला आज मास्क मिळाला, बरं झालं. खरंच. आता कोणाला देतात ते तुम्हाला माहीतच असेल — नाही? काही नाही, सहज म्हटलं. पाण्याचे टँकर पुढे जातात ना, सरहद्दीच्या अंगाला, त्यांच्या ड्रायव्हरांना देतात म्हणे. तुम्हाला सांगितलं नाही? नुसतं दाढी काढून ये म्हणाले? मग नसेलही तसं. मला काय कळतंय, मी न्हावी माणूस.

आम्हाला नाही दिला. मी, मेसमधला जगदीश, धोबी — आम्ही कंत्राटातली माणसं. मी विचारायला गेलो होतो. खलास, म्हणाले. आणि गंमत काय, आदल्याच दिवशी मी माझी दाढी उतरवली होती — मघाशी विचारलंत ना, गफूर, हे कधी केलंस? तेव्हा. वाटलं, गाल तयार दिसला तर देतील. आता दाढीही नाही आणि मास्कही नाही. जगदीश म्हणतो, पोरगी ठरायच्या आधीच मुंडावळ्या बांधून बसलास.

सुरैयाला मात्र सांगितलंय, मिळाला म्हणून. बाणकोटला फोन दुकानात येतो, मागे लोक उभे, तिला बोलता येत नाही, नुसती रडते. मग बायकोला काय सांगणार? म्हटलं, हफ्र अल बातिन लढाईपासून खूप लांब आहे, इथे नुसती वाळू आणि थंडी. ती म्हणते, मग निघून या. कसा निघू? पासपोर्ट व्हिसा देणाऱ्या कफीलकडे, कफील दम्मामला — दम्मामला तरी आहे की नाही कोण जाणे, फोन उचलत नाही.

फेस लावतो आता. गरम आहे का फार? — जगदीशने मेसबाहेर पिंजऱ्यात कोंबडी टांगलीय, पाहिलीत? गॅस आला तर आधी ती पडेल, मग आपल्याला कळेल. आधीची परवा सकाळी पडली. अख्खा कॅम्प मास्क घालून वाळूच्या पोत्यांमागे, आणि मी या खुर्चीखाली. थंडीने मेली होती बिचारी. सगळे हसले, मीही हसलो. पण खुर्चीखाली मी काय केलं? श्वास धरला. माणूस किती वेळ धरणार? सुटला, आणि वाटलं, झालं, गेला आत. तेव्हापासून जरा डोळा लागला की छाती आपोआप थांबते, दचकून उठतो. हे कुणाला सांगू नका.

हा बघा, एक गाल झाला. आरशात नका बघू अजून. हजहून आलात तेव्हाची ना ही? जाऊ द्या, जीव आधी, इमामसाहेबच म्हणालेत. — पाणी गार झालं. जरा थांबतो, पाणी पुन्हा तापू दे. ही पिशवी मास्कचीच ना? बघू? नुसता बघतो. नवा आहे, रबराचा वास जात नाही अजून. पट्टे असे मागून — एकदा घालून बघू? तुम्हालाही कळेल कसा घालायचा ते. हां. बसला. या पुढच्या फिल्टरच्या डब्यावर तळहात ठेवला की श्वासच अडतो, म्हणजे कुठे फट नाही. बघा, कसा घट्ट बसलाय. दाढी आहे तोवर तुम्हाला याचा काय उपयोग, मघाशी कात्री चालवताना माझ्या मनात आलंच होतं, की हळूहळू — काही नाही. काढतो. काढतो ना.

हा भोंगा आपलाच?

धावताहेत सगळे. बसा. म्हणजे उठा — कुठे हात घालताय, हाशमभाई? थांबा. जरा विचार करा. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस आणि खुंट. तुमच्या तोंडावर हा बसणार नाही, फट राहणार, मग दोघंही जाणार. त्यापेक्षा एक तरी. तुम्हीही हेच म्हटलं असतंत. काय? मोठ्याने बोला, आत नीट ऐकू येत नाही. पट्टा सोडा. सोडा म्हणतो, माझ्या हातात वस्तरा आहे. असं बघू नका. खोटाच असेल भोंगा, संपला की देतो, अल्लाशप्पथ देतो, राहिलेला गालही करतो. तिकडे पोत्यांमागे जा, तिथे सगळे आहेत. जा तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या.