गवताचा कायदा

मामा : गेली का गं तुझी समुद्रगाय?

भाची : नाही. पिल्लाला घेऊन खाली चरतेय. आत्ताच श्वास घ्यायला वर आली होती.

मामा : बरंय. तेवढीच माझ्या कमरेला विश्रांती.

साहेब (वॉकीटॉकीवर) : निरीक्षक मॅडम, अजून किती वेळ? मोठ्या जहाजांसाठी वाट खोल करायचीय. आपण गाळ उपसायला आलोय, गुरं राखायला नाही!

भाची : ती दिसतेय तोवर यंत्र हलणार नाही, साहेब. कायदा आहे.

साहेब : आणि दिसेनाशी झाली की?

भाची : सांगते.

मामा : कडक आहे हां कायदा. तिला नुसता ओरखडा आला तरी मी गजाआड.

भाची : हो.

मामा : आणि ती खातेय ते गवत मी मुळासकट उपसलं तर?

भाची : तर तुझा पगार होईल.

मामा : वा! चारा जाळायचा आणि वर म्हणायचं, गाईला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

भाची : मला नको रे ऐकवूस. समुद्रगवतही कायद्यात घ्या म्हणून आम्ही कितीदा लिहून पाठवलंय. वर गेलंय.

मामा : वर गेलेला चेंडू खाली येतो. कागद नाही येत.

भाची : मामा...

मामा : बरं, तू म्हण ना, अजून दिसतेय. दिवसभर म्हण. मी कुठे बोलणार आहे?

भाची : आणि पकडले गेले की माझ्या जागी डोळे मिटून बसणारा कुणीतरी येईल. मग ही समोर असली तरी यंत्र थांबणार नाही.

मामा : मीच नाही चालवलं तर?

भाची : तुझ्याही जागी येईल कुणीतरी.

साहेब : मॅडम? आहे का अजून?

भाची : ...नाही दिसत.

साहेब : म्हणजे चालू करायचं?

भाची : करा.

मामा : तोंड तिकडे कर बाई. माझ्याकडे बघू नकोस.

[यंत्राची घरघर. पाणी गढूळ होत जातं.]

भाची : मामा, बंद कर! बंद! आली परत!

मामा : केलं, केलं! लागलं का तिला?

भाची : नाही. पिल्लूही आहे. तू उपसलेलं गवत वर तरंगतंय ना, तेच खातायत दोघं.

मामा : आणि हे संपलं की?

भाची : जातील.

मामा : हळूहळू खा म्हणावं.