न्हाणीघरापुढची जमीन

नेल्डा : तिथंच थांब. पुढं येऊ नकोस. परवा माझा पाय गेला तो तिथूनच, घोट्यापर्यंत.

लोवेल : दिसतंय. अगं, ही जमीन कसली? बोट टेकवलं तरी आत जातंय.

नेल्डा : दोन हिवाळे फोनवर तेच सांगत होते. न्हाणीघरापुढं मऊ लागतंय, एक दिवस डॅडी पडतील. तू म्हणायचास, वरून प्लाय टाक, गालिचा अंथर.

लोवेल : लोक तसंच करतात.

नेल्डा : मीही केलं. प्लायही मऊ पडला.

लोवेल : पडणारच. खालचं ओलं तसंच ठेवून वर कितीही थर चढव. हे बघ, करवतीचीही गरज नाही, हातानं निघतंय. भुसा आणि डिंक, दुसरं काय असतं यात? कारखान्यात दाबून पाट्या करतात, पाणी लागलं की पुन्हा भुसा.

नेल्डा : आईनं तर इथं नाचून दाखवलं होतं, ट्रेलर आला त्या दिवशी. चाकांवर आपलं घर आलं म्हणून. आठवतं?

लोवेल : मी लहान होतो. ती बादली सरकव इकडं.

हर्शेल : काय निघालं रे तिथं?

नेल्डा : काही नाही, डॅडी. तुम्ही पडून राहा. उठलात तर प्राणवायूची नळी ओढली जाईल.

लोवेल : डॅडी, घराच्या पोटाशी, खालून जे काळं प्लास्टिक आहे ना, ते फुगलंय. फाडावं लागेल.

हर्शेल : फाडू नकोस. मी बसवलंय ते.

लोवेल : त्यात तळं साठलंय डॅडी. पाणी तापवायची टाकी कधीपासून गळतेय कोण जाणे, सगळं या पिशवीत.

हर्शेल : तुझ्या आईचे पाय गारठायचे. पाठीवर सरपटत गेलो होतो खाली. सगळ्या फटी चिकटवल्या. वाऱ्याला शिरायला जागा ठेवली नाही.

लोवेल : पाण्याला बाहेर पडायलाही नाही ठेवली.

नेल्डा : पुरे. आठवडाभर खाणीत राबून, रविवारच्या सुटीत केलंय त्यांनी. तुला तेव्हा हातोडी धरता येत नव्हती.

लोवेल : मी कुठं नावं ठेवतोय? शेजारच्या सगळ्यांनी तेच केलंय. सगळ्यांच्या जमिनी सडल्यात. बाजूला हो, फाडतो.

नेल्डा : अगं बाई! शी! हा काय वास!

लोवेल : थंडीसाठी भरलेला सगळा पिवळा कापूस कुजलाय. नाकाला फडकं बांध. काचेचा आहे तो, हात लावू नकोस, चरचरेल.

नेल्डा : मला तू सांगू नकोस काय चरचरतं ते. दे इकडं, मीच भरते पिशवीत. तुझी बायको घरात घेईल का तुला या कपड्यांनी?

लोवेल : कपडे इथंच टाकून जाईन.

नेल्डा : टाक, मी धुऊन पाठवेन. घेवडा शिजत घातलाय, डुकराच्या चरबीचा तुकडा टाकून. मक्याचा पावही आहे, लोखंडी तव्यातला, तुला आवडतो तसा करपलेल्या कडेचा.

लोवेल : कशाला एवढं केलंस?

नेल्डा : एवढं काय त्यात? कोणी हात लावायला येतं का या घराला? खरं सांगू, सकाळी तुझा ट्रक वळताना दिसला तेव्हा मला रडू आलं. म्हटलं, आला बाबा एकदाचा. आता डॅडी नीट न्हाणीघरात जातील, मला त्यांच्या मागं मागं जीव मुठीत धरून चालावं लागणार नाही.

लोवेल : ही तुळई धर. घट्ट. जुनी अर्धी कुजलीय, तिच्या अंगाला नवी लावतो. स्क्रू मारीपर्यंत सोडू नकोस.

नेल्डा : धरलीय.

लोवेल : अजून वर. हां.

नेल्डा : भिंतीखालीही सडलंय का रे?

लोवेल : सडलंय. या ट्रेलरांची जमीन आधी घालतात, भिंती तिच्यावर उभ्या करतात. भिंत न हलवता खालून काढायचं म्हणजे कंबरडं मोडतं. पण काढतो. मग बोळातलं, मग झोपायच्या खोलीचा कोपरा.

नेल्डा : झोपायच्या खोलीचा? तिथं तर कडक आहे.

लोवेल : असू दे. आलोच आहे तर सगळंच करून टाकतो.

नेल्डा : एवढा मायाळू कधीपासून झालास?

लोवेल : प्लाय पकड.

नेल्डा : पकडलाय. लोवेल, एक विचारू? तो हवेचा पंप कशाला आणलास ट्रकमध्ये?

लोवेल : कामाला लागतो.

नेल्डा : कुठल्या कामाला? तुझ्याकडे हवेवरची खिळ्यांची बंदूक नाही. सकाळपासून तर ड्रिलनं स्क्रू मारतोयस.

लोवेल : असाच पडला होता ट्रकमध्ये.

नेल्डा : असाच नाही पडला. मी घेवडा निवडत होते तेव्हा आवाज ऐकला त्याचा. घराच्या खालून. तू पुढचे पत्रे काढून आत शिरला होतास. मला वाटलं जमीन खालून बघतोयस.

लोवेल : बघतच होतो.

नेल्डा : मग मी मघाशी कचरा टाकायला गेले तेव्हा घराचे टायर का फुगलेले होते?

लोवेल : नेल्डा, स्क्रू दे.

नेल्डा : इतकी वर्षं ते टायर चपटे होते. मांजरं व्यायची त्यांच्यावर. आज टणक झाले. आणि वादळात घर हलू नये म्हणून जे लोखंडी पट्टे बांधलेत, त्यांचे नट तेलानं चकाकतायत. न्हाणीघरापुढची जमीन दुरुस्त करायला नटांना तेल लागतं होय?

लोवेल : तू आधी शांत हो.

नेल्डा : मी शांतच आहे. चाकात हवा कोण भरतं, लोवेल? ज्याला गाडी न्यायची असते तो.

लोवेल : जेवल्यावर बोलणारच होतो.

नेल्डा : माझा घेवडा खाऊन, मग!

लोवेल : तसं नाही गं. आमच्या कामावरच्या फोरमनला हे घर हवंय. डोंगरापलीकडं त्याची जागा आहे, हरणांच्या शिकारीला तिथं तळ करायचाय त्याला. नोव्हेंबराच्या आत. म्हणाला, जमीन पक्की असेल तरच घेईन. येऊन उड्या मारून बघणार आहे.

नेल्डा : उड्या मारून.

लोवेल : जुन्या ट्रेलरना सगळे तसंच बघतात.

नेल्डा : म्हणजे वर्षातून आठवडाभर चार बाप्ये इथं दारू पिणार आणि आईच्या ओट्यावर हरणं सोलणार. त्यांचे बूट पक्क्या जमिनीवर पडावेत म्हणून मी तुळई धरून बसलेय.

लोवेल : डॅडींना जागा मिळालीय. दवाखान्यामागच्या वृद्धाश्रमात. रात्रंदिवस नर्स असते.

नेल्डा : आणि मला? मला कुठं मिळालीय जागा?

लोवेल : तू अजून धडधाकट आहेस. शाळेच्या स्वयंपाकघरात परत घेतील तुला. तुझ्या त्या मैत्रिणीकडं, जेनीव्हकडं खोली रिकामी आहे असं ऐकलं.

नेल्डा : ऐकलंस! तिकडं डेटन शहरात बसून ऐकलंस! शाळेतली नोकरी मी का सोडली तेही ऐकलं असशील. डॅडींची छाती गच्च व्हायची, शाळेत फोन यायचा, हातातली पळी टाकून धावत यायचे मी. तू येत नव्हतास.

लोवेल : मी पाठवत होतो जे जमेल ते.

नेल्डा : नाताळाला हॅम पाठवायचास. खारट.

लोवेल : घराचा कागद माझ्या नावावर आहे, नेल्डा. मी विकू शकतो. तरीही मी आलो, हातानं काम करतोय.

नेल्डा : कागद तुझ्या नावावर का आहे ते सांग ना मोठ्यानं. माझा तेव्हाचा नवरा हे घर गहाण टाकून ट्रक घेणार होता. सरकारदरबारी हे घर म्हणजे गाडीच, ज्याच्या नावाचा कागद त्याची. म्हणून डॅडींनी तो तुझ्या नावावर करून ठेवला. सांभाळायला दिला होता. नवऱ्यापासून वाचवला आणि भावानं उचलला.

लोवेल : उचलला म्हणू नकोस.

नेल्डा : मग काय म्हणू? चोर निदान जेवायला तरी थांबला नसता.

हर्शेल : नेल्डा. त्याच्यावर ओरडू नकोस.

नेल्डा : तुम्ही मध्ये पडू नका, डॅडी. तुम्हाला माहीत नाही हा काय करून बसलाय.

हर्शेल : माहितेय. मीच बोलावलं त्याला.

नेल्डा : काय?

हर्शेल : मीच म्हटलं, गिऱ्हाईक बघ म्हणून.

नेल्डा : कधी? मी तर सतत घरात असते.

हर्शेल : तू चर्चला गेली होतीस तेव्हा फोन केला.

नेल्डा : आठवड्यातला तेवढा एकच तास माझा होता, डॅडी.

हर्शेल : तू इथं सडतेयस, पोरी. मी गेल्यावर तू एकटी इथं, या भुशात. किती दिवस वरून प्लाय टाकत राहशील?

नेल्डा : म्हणून मी असतानाच घर उचलून द्यायचं? माझ्या भल्यासाठी?

लोवेल : डॅडी, तुम्ही बोलू नका, दम लागेल.

हर्शेल : बोलू दे. रोज माझी पोरगी मला आंघोळ घालते. अंगावरचं सगळं काढून. मला लाज वाटते, नेल्डा. पहिल्या दिवसापासून वाटते. परक्या नर्सची नाही वाटणार.

नेल्डा : हे मला सांगायचं होतं.

हर्शेल : सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग मी इथंच राहिलो असतो.

नेल्डा : मग बरं केलंत. आता मी रडत नाहीये, बघा.

लोवेल : तुला सांगायचं होतंच. फक्त आधी जमीन होऊ दे असं आमचं ठरलं होतं.

नेल्डा : कारण प्लाय धरायला दुसरा हात लागतो.

लोवेल : असं नाही.

नेल्डा : असंच आहे. दोन बाप्यांनी फोनवर बसून ठरवलं, बाईला शेवटी सांगायचं. आधी तिच्याकडून कुजका कापूस भरून घ्यायचा, जेवण करून घ्यायचं. मला वाटलं, माझा भाऊ माझ्यासाठी आला. सकाळपासून मी आनंदात होते, लोवेल. लाज वाटते मला त्या आनंदाची.

लोवेल : फोरमनला सांगतो, वसंतापर्यंत थांब म्हणून. तोवर तू राहा.

नेल्डा : भीक नको. टायर फुगवलेत, आता हवा सोडू नकोस.

हर्शेल : नेल्डा, मला जायचंय. न्हाणीघरात.

लोवेल : डॅडी, थोडं थांबा. शेवटची पाटी बसायचीय, मध्ये उघड्या तुळया आहेत.

हर्शेल : थांबवत नाही.

(हर्शेल नळी हातात गोळा करून बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहतो.)

नेल्डा : हात द्या. दोन्ही. उजवा पाय या तुळईवर. खाली बघू नका, माझ्याकडं बघा.

हर्शेल : माझ्यावर रागावलीस.

नेल्डा : हो. आता डावा. नळीवर पाय देऊ नका. लोवेल, तू तिथं काय उभा? इकडं ये, बघून ठेव कसं करायचं ते. मागून कमरेला धरायचं, काखेत नाही. काखेत दुखतं त्यांना.

लोवेल : मी कशाला? मला अंधार पडायच्या आत निघायला हवं.

नेल्डा : मी निघतेय. जेनीव्हकडं खोली रिकामी आहे ना? तूच म्हणालास.

लोवेल : आज? नेल्डा, आजच?

नेल्डा : घेवड्याखालची शेगडी बंद करायची आठवण ठेव. आणि त्यांच्या खोलीचं दार उघडं ठेवून झोप. रात्री दोनदा उठतात ते.