बिनवासाचा पाहुणा

—नाही नाही, असं नाही, सरळ धरा! फांदीवरची पिशवी हलली का सगळं गेलं. हां, असं. आता हा पंप धरा — हळू. पळस श्वास सोडून राह्यला ना, तोच या नळीत भरायचा हाय. हसू काहून येते तुमाले? नयनराव, खरंच सांगून राह्यली मी — पानातून वायू निघते. ऊन तापलं का जास्त निघते, पानाले चटका बसू नये म्हणून झाडाची आपली सोय. पण पाणीच नसलं, तं किती दिवस सोडंन ते? तेच तं पाह्याचं हाय मले. विहिरीजवळच्या पळसाचा काल भरला, आज या कोरड्या धुऱ्यावरच्याचा, बांधावरच्याचा. आजच! आभाळ पाहा ना बाभूळगावकडलं — अवकाळी पडला का याची तहान संपली, अन माझा अभ्यास गेला पुढच्या उन्हाळ्यावर.

म्हणून तं पळून आली वावरात. तिकडं ओसरीत दोन्ही घरचे पोहे खात बसले, ‘प्रेरणा हाय तरी कोठं’ करत — बसू द्या. साडी नाही, पावडर नाही, काहीच नाही केलं मी. मले कायले फरक पडते? तुमी पसंत करा, नाहीतं नका करू. वहिनी असती तं धरून नटवलं असतं तिनं, पण ती परवाच माहेरी गेली, पुसदले — सुटली मी. मागचा पोरगा तं सेंटची बाटली अंगावर उपडी करून आल्ता, अन उभा राह्यला नेमका पिशवीपाशी. लॅबमधल्या मशीननं झाड सोडून त्यालेच मोजलं! वर म्हणे, लग्नानंतर हे झाडांचं खूळ सोडावं लागंन. सोडलं — त्याले सोडलं. म्हणून तुमाले काल फोनवर बजावलं, वासाचं काही लावू नका—

थांबा. हा कायचा वास? चाफ्याचा! अहो, एवढं सांगतलं होतं ना? एक गोष्ट पाळता येत नाही? तुमी सगळे सारखेच — काय? साबणबी नाही लावला? नुसत्या पाण्यानं आंघोळ? बरं, कॉलर इकडं करा. हं… घामाचाच येते. मंग कोठून — इकडं काय दाखवता? माही ओढणी?

हे वहिनीचं काम असंन. तिची अत्तराची बाटली असते कपाटात, तिनंच सकाळी, मी झोपेत असतानी—

काय? हो. पुसदलेच हाय ती.

…

हसू नका. पंप बंद करा. बंद करा म्हणते ना! आभाळ फुटाच्या आत दुसरी पिशवी बांधायची हाय. मी विहिरीवर गळा-मनगटं धुऊन, ओढणी तिथंच टाकून येते. नाही, तुमी नका हलू झाडापासून — तुमी चालता. तोंड तेवढं तिकडं करा.