बारावा आकडा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय झुंबरआबा, मुख्याध्यापिका सुप्रिया मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती मानसिंगतात्या, व्यासपीठावर बसवूनही सारखं बायकांच्या रांगेकडं बघणाऱ्या त्यांच्या पत्नी कुशाकाकी, गुरुजनवर्ग, विद्यार्थी मित्रांनो, आणि निमगाव केतकी, शेळगाव व पंचक्रोशीतून उन्हातान्हात आलेल्या ग्रामस्थांनो, आपणा सर्वांना या रविराजचा नमस्कार.

मॅडमनी माझी ओळख करून देताना फार मोठे शब्द वापरले. एवढा मोठा मी झालो असतो, तर दहावीला याच शाळेत विज्ञानात काठावर पास झालो नसतो. असो. निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, "ज्यांच्या अनुभवामुळे 'निळी हद्द' हा युद्धनौकांचा संगणक खेळ अचूक झाला, ते मानसिंगराव." ते वाचून सगळ्यांना अभिमान वाटला. मला काय वाटलं, तेच सांगायला आज उभा आहे. मॅडम, पाच मिनिटं दिलीत, थोडी जास्त घेईन.

तात्यांनी सतरा वर्षं नौदलात काढली आणि त्यानंतर इथल्या संगणक कक्षात बावीस वर्षं. आम्हा पोरांना माऊस धरायला त्यांनीच शिकवलं. पुण्यात आम्ही चौघांनी मिळून खेळ करायचा ठरवला, तेव्हा खरं जहाज पाहिलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. मी दिवाळीच्या सुट्टीत फोन घेऊन त्यांच्या पानमळ्यात जाऊन बसलो. आजच्या युद्धात क्षेपणास्त्र किती लांबून सोडतात, गरम आणि गार पाण्याच्या थरांत पाणबुडीचा आवाज कसा हरवतो, सगळं विचारलं. तात्या म्हणाले, "रविराज, लढाईत लढणं थोडं आस्तं. बाकी नुसतं कान देऊन बसायचं. चार-चार तास." आम्ही त्या चार तासांचे चाळीस सेकंद केले. खेळणारा कंटाळतो ना! तिथंही तात्या हसले, म्हणाले, "तुमाला काय वाटंल तसं करा."

जहाजात पाणी शिरलं तर काय करतात, हे मात्र त्यांनी शेतातलं सांगून समजावलं. जहाज म्हणजे वाफे पाडलेलं रान. एका वाफ्यात पाणी घुसलं की त्याचं दार बंद करायचं, म्हणजे बाकीचे वाफे कोरडे राहतात. "हितं दारं धरायला शिकलो, आन् तितं बी दारच धरलं," ते म्हणाले.  माझ्या फोनवर रेकॉर्डिंग चालूच होतं.

पुढं जे सांगितलं, ते त्यांनी इतक्या वर्षांत या गावात कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगायला त्यांची परवानगी मी सकाळी घेतली आहे. फक्त "जहाजाचं नाव घेऊ नगंस" एवढं त्यांनी बजावलं. खाली एक मोठा पाइप फुटला. कुणाची चूक नव्हती, असं तात्याच सांगतात. आत दीपक नावाचा त्यांचा जोडीदार होता. अलीकडं एकोणतीस माणसं. दार लगेच लावायचा हुकूम होता. तात्यांनी दार उघडं धरून, दीपकची वाट बघत मोजायला सुरुवात केली. कसं मोजलं? आपल्याकडं पायलीनं धान्य मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आईच्या हाताखाली ज्वारी मोजलेला माणूस. तोंडातून तेच आलं. लाभ, दोन, तीन. पाणी गुडघ्याला लागलं. अकराला त्यांनी दार लावलं. दीपक आतच राहिला.

मित्रहो, मी कसला माणूस आहे, ते आता ऐका. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मनात आलं, की वा, हे खेळात पाहिजे!

आणि ते आलं. दार आलं, पाणी आलं, "लाभ, दोन, तीन" म्हणणारा आवाजही आला. आमच्या लखननं तो इतका झकास दिलाय, की बारामतीच्या स्टँडवर पोरं तसं मोजून एकमेकांना टपल्या मारतात. पण चाचणीला बसवलेले लोक त्या दाराशी आले की खेळ बंद करून उठायचे. आतला माणूस कधीच बाहेर येत नव्हता, म्हणून. माझी सहकारी मोना म्हणाली, थांबणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे. मग किती थांबल्यावर? भेळ खात बसलो होतो आम्ही. मी म्हणालो, बारा. अकराच्या पुढचा आकडा, म्हणून बारा. ज्यानं अकराला दार लावलं त्याला हळहळ वाटावी, म्हणजे तो पुन्हा खेळेल. पडद्यावर येणारं वाक्यही मीच लिहिलं. "आणखी एक सेकंद थांबला असतास, तर तो वाचला असता."

खरं सांगतो, ते लिहिताना मला तात्यांची आठवणसुद्धा झाली नाही. याहून वाईट काही मला माझ्याबद्दल सांगता येत नाही. थांबा, येतं. पुढं आहे.

खेळ चालला. आठ महिन्यांपूर्वी बारामतीत माझा सत्कार झाला. तात्या एसटीनं आले होते. गर्दीतून मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "रविराज, बाराव्याला त्यो भाईर येतो, ह्ये तुला कुणी सांगितलं?"

माझ्या गळ्यात हार होता. समोर पत्रकार होते, त्यांना मी नुकतंच सांगितलं होतं की आमच्या खेळातला एकेक सेकंद खरा आहे. मी म्हणालो, "तात्या, सगळं अभ्यास करून घेतलंय. तज्ज्ञांना विचारूनच."

ते म्हणाले, "बरं." आणि न जेवताच इंदापूरच्या गाडीत बसून गेले.

मला तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकतो का? थोडं कळलं होतं. ते "बरं" माझ्या कानाला लागलं होतं. पण पुढचा हार आला, आणि मी मान पुढं केली.

गेल्या आठवड्यात काकींचा फोन आला. काकी, रागावू नका, सांगतोय. त्या म्हणाल्या, "आरं, ह्यांला काय झालंय बघ की. जेवताना घास हातात धरून मोजत बसत्यात. बारा म्हणलं की ताट सारत्यात. आठ म्हयनं झालं. डाक्टर म्हणतो काय बी न्हाय." मोजणी कुठून सुरू होते, तेही त्यांनी सांगितलं. लाभपासून.

सभेला अवघडल्यासारखं झालंय, मला दिसतंय. आबा, दोनच मिनिटं. परवानगी घेताना मी तात्यांना फक्त दाराचं सांगेन म्हणालो होतो. पुढचं त्यांना आत्ताच कळतंय, तुमच्याबरोबर. एकट्यात सांगायला हवं होतं, हे खरं. पण खोटं मी हार घालून, माणसांत बोललो होतो. घरात गुपचूप खरं बोलून ते फिटलं नसतं.

तात्या, इकडं बघा. बारा हा आकडा खोटा आहे. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या तज्ज्ञानं सांगितलेला नाही. भेळ खाता खाता मी तो काढला. बाराव्या सेकंदाला दीपक आला असता का? मला ठाऊक नाही. ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या खेळाला तर मुळीच नाही. तुम्ही तुमच्या गुडघ्याला लागलेलं पाणी बघून दार लावलंत. मी पाणी कधी बघितलंच नाही.

काल आम्ही ते वाक्य खेळातून काढलं. बाराव्याला बाहेर येणारा माणूसही काढला. खेळणारे ओरडतायत, ओरडू देत. पण त्यानं तुमचे आठ महिने परत येत नाहीत, हे मला कळतं. तुम्ही मला विश्वासानं एक गोष्ट दिलीत. मी तिचा तुमच्यावरच आरोप करून ती तुम्हाला परत केली. आणि तुम्ही विचारलंत, तेव्हा तो आरोप खरा आहे म्हणून सांगितलं.

संस्थेनं मला इथं उभं केलं, त्याबद्दल आभारी आहे. आपण सर्वांनी जेवणाची वेळ टळूनही शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलता बोलता कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, एखादा शब्द जड गेला असेल, तर सभेनं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. तेवढं सभेच्या हातात आहे. बाकीचं तात्यांच्या हातात आहे.

तात्या, माफ करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आजच ठरवलं पाहिजे असं नाही. मी थांबतो.