वजन होईपर्यंत

दवाखान्यात बाळांच्या वजनाच्या रांगेतल्या सासूसुनेचं बोलणं तपासणीसाठी मागच्या बाकावर बसलेल्या गरोदर शिक्षिकेच्या कानावर पडत होतं.

“अगं, लंगोट ओला झालाय. बदल.”

“वजन झाल्यावर बदलते, आई.”

“गारठेल लेकरू!”

“आज वजन वाढलं नाही, तर तुम्ही बाटली सुरू करणार ना?”

“मग काय उपाशी मारू? आठवडाभर दूध वाढायच्या गोळ्या घेतेस, रात्रंदिवस पाजतेस, तरी दूध येतंय कुठे?”

“म्हणूनच ओला राहू दे. तेवढंच वजन भरेल.”

“आणि हा ओला झाला कशानं गं? तुझ्या दुधाशिवाय थेंबभर पाणीसुद्धा दिलं नाहीये त्याला.”

सुनेनं ओला लंगोट पुन्हा चाचपून पाहिला.

“आण इकडे. कोरडा घालते.”

“आई, काटा कमी दाखवेल.”

“दाखवू दे. काट्याशी मी बोलते.”

शिक्षिकेनं पिशवी उचलून बाळाला निजवायला बाकावर जागा करून दिली.