पंचामृत योजना आणि देवाचं मीटर

मंडळी, टाळ जरा मांडीवर घ्या. पेटीवाले, तुम्हीही भाता सोडा थोडा वेळ. आजच्या आख्यानात राजा नाही, राणी नाही, राक्षसही नाही. एक कंपनी आहे, पण तिला मी राक्षस म्हणणार नाही. का म्हणणार नाही ते ऐकता ऐकता कळेल.

मघाशी चहाच्या वेळी इथल्याच एका गृहस्थांनी मला गाठलं. नाव सांगत नाही — तिसऱ्या रांगेत बसलेत, बघा, मान खाली गेली! म्हणाले, "बुवा, तुम्ही रोज सांगता, दहा दारं धुंडू नका, सगळा भार एकावर टाका. मग आमच्या कॉलनीत एक स्कीम आली आहे. लाइट, गॅस, पाणी, इंटरनेट, टीव्ही, सगळं एकाच कंपनीकडे, बिलही एकच. घ्यावी का?"

काय उत्तर देणार? देवाच्या बाबतीत जे खरं, ते गॅसच्या बाबतीत खरं का? सगळं एकाच्या हाती द्यावं की पाच जणांशी पाच व्यवहार ठेवावेत? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मंडळी, ऐका.

सांगली-मिरज रस्त्यावर चंदनबाग नावाची एक वसाहत. तिथं मंदाकिनी उपळेकर राहायच्या, सगळ्यांच्या मंदाताई. पतसंस्थेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या, आणि शिस्त अशी की मसाल्याच्या डब्यात मोहरीचा दाणा जिऱ्याच्या वाटीत गेला तर तो चिमटीनं उचलून परत जागेवर! आहेत ना असे लोक तुमच्या घरी? शेजारी बघू नका, समोर बघा.

अशा बाईला दारावरची बेल म्हणजे शिक्षा. सोमवारी केबलवाला, मंगळवारी मीटर बघणारा, मधेच गॅसवाला बाहेरून हाक मारतोय, पाण्याच्या टँकरवाल्याला सुट्टे हवेत, आणि इंटरनेटचा माणूस येतो येतो म्हणून येतच नाही. ताई म्हणायच्या, माझं अर्धं आयुष्य दार उघडण्यात गेलं.

अशात आली ती कंपनी. एकछत्र सुविधा. आणि योजनेचं नाव काय ठेवलं असेल? पंचामृत! पाच गोष्टी, एक करार, एक बिल, आणि वेगवेगळ्या खर्चापेक्षा खरोखरच कमी. हो, कमीच! खोटं कशाला बोलू? मंदाताईंनी रात्रंदिवस बेरजा करून पाहिल्या, दरवेळी पंचामृतच स्वस्त पडलं. अट एवढीच, की वसाहतीनं वीज बोर्डाकडून एकच मोठी जोडणी घ्यायची, घरोघरची मीटरं काढून टाकायची, आणि गॅस पाइपनं येणार म्हणून सिलिंडर परत करायचे.

मंदाताई कामाला लागल्या. पदर खोचला आणि दारोदार फिरल्या. ज्या बाईला दारावर आलेला माणूस नको असायचा, तीच आता लोकांच्या बेला वाजवत होती! एकेक घर पटत गेलं. राहिली दोन ठिकाणं.

एक म्हणजे वसाहतीच्या कोपऱ्यावरचं दत्ताचं देऊळ. ते वसाहतीच्या आधीचं. त्याचं मीटर होतं कुणा जुन्या देणगीदाराच्या नावावर, आणि तो देणगीदार वैकुंठाला जाऊन जमाना लोटला. आता मेलेल्या माणसाची सही कोण आणणार? ताईंनी खूप खटपट केली, बोर्डाच्या पायऱ्या झिजवल्या, शेवटी हात टेकले. एवढ्या नीटनेटक्या योजनेत हे एक मीटर तेवढं लोंबत राहिलं, आणि देवळात गेल्या की त्यांची नजर आधी दत्ताकडे न जाता त्या मीटरकडे जायची.

आणि दुसरं घर त्यांच्याच शेजारचं, तळमजल्यावरचं. गोदाक्का आणि नाना सूर्यवंशी. नानांचं आयुष्य हळदीच्या पेठेत गेलेलं. पोती उपसून उपसून ती पिवळी धूळ छातीत जाऊन बसली होती. आता उशाशी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी, आणि मशीनची ती घर्रघर्र चालू असली की गोदाक्का निवांत. पाहुण्यांना तो आवाज त्रासाचा वाटायचा. गोदाक्कांना तो बंद झाला की जाग यायची.

मंदाताईंनी त्यांना सगळं समजावलं. गोदाक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, मला त्यातलं काय कळत न्हाई. येवढंच सांगा, उद्या त्या टीव्हीवरनं भांडान झालं, तर ह्यांच्या मशीनच्या लाइटला तर हात लागायचा न्हाई न्हवं?"

मंडळी, हा प्रश्न नीट ऐका! सगळ्या वसाहतीत एवढा एकच प्रश्न विचारण्यासारखा होता. याचं उत्तर करारात होतं. पण करार वाचायला वेळ लागतो, आणि मंदाताईंना घाई होती. त्यांनी गोदाक्कांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अक्का, मी आहे ना. माझा शब्द."

झालं. गोदाक्कांनी अंगठा टेकवला. त्यांनी कंपनीला नव्हता दिला अंगठा, मंदाताईंना दिला होता.

पुढं सगळं छान चाललं. खरंच छान! बेल वाजेना, बिल एक, पैसे वाचले, ताईंना दुपारची झोप लागू लागली. म्हणून म्हणतो, कंपनीला राक्षस म्हणू नका. आणि मग पावसाळ्यानंतर इंटरनेट बसलं. बसलं म्हणजे जमिनीवर बसलं, उठेचना. पोरांचे अभ्यास अडले, सुनांच्या मीटिंगा अडल्या. तक्रारीचा फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा, मग गाणं ऐका. लोकांनी इतकं गाणं ऐकलं की काही जणांना ते पाठ झालं.

मंदाताई चिडल्या. त्यांचा न्याय सरळ होता, की जे मिळालं त्याचे पैसे द्यायचे, जे मिळालं नाही त्याचे द्यायचे नाहीत. केबलवाल्याशी त्या आयुष्यभर असंच वागल्या होत्या. त्यांनी वसाहतीला सांगितलं, या खेपेला बिलातून इंटरनेटचा वाटा वजा करून उरलेलं भरा. सगळ्यांनी तसंच भरलं. गोदाक्कांनीही. ताईंनी सांगितलंय ना!

चुकलं का हो त्यांचं? केबलवाला असता तर बरोबर होतं. तो आला असता, दोन शब्द बोलला असता, ताई चार बोलल्या असत्या, आणि टीव्ही बंद पडला असता. टीव्हीच! पण इथं पाच गोष्टींचं बिल एक होतं. कंपनीच्या यंत्राला वजाबाकी कळत नव्हती. त्याला दोनच गोष्टी ठाऊक — पूर्ण भरलं, की नाही भरलं. जोडणी तोडू, असे मोबाइलवर निरोप आले होते म्हणे. पण साड्यांच्या सेलच्या आणि कर्जाच्या गर्दीत ते कोण वाचतो?

दत्तजयंतीचा आदला दिवस. देवळापुढं मांडव पडलेला, मांडववाला वायरीची भेंडोळी सोडून ठेवून चहाला गेलेला. तिन्हीसांज झाली. मंदाताईंनी घरी देवापाशी निरांजन लावलं, आणि त्याच घटकेला घरातला दिवा गेला. शेगडीवरचं दूध वर येता येता खाली बसलं. नळ कोरडा. खिडकीतून पाहिलं तर वसाहत सगळी अंधारात.

एक क्षण त्यांना वाटलं, लाइट गेली असेल, येईल. मग लक्षात आलं की गॅसही गेलाय. लाइट गेल्यावर गॅस जात नसतो! आणि मंडळी, त्या बाईनं भिंतीला कान लावला. पलीकडची घर्रघर्र थांबली होती.

धावल्या. गोदाक्कांनी नानांना उठवून बसवलं होतं, पाठीवरून हात फिरवत होत्या. अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर जोडला होता, पण तो काही रात्र काढणारा नव्हता. नानांचे ओठ काळसर पडत चालले होते. गोदाक्कांनी ताईंकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा नानांची पाठ चोळू लागल्या. मंडळी, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन लावला. एक दाबा, दोन दाबा. शेवटी माणूस मिळाला. म्हणाला, पूर्ण रक्कम भरा, चोवीस तासांत जोडणी सुरू होईल. ताईंनी तिथंच मोबाइलवरून नानांची रक्कम भरली. पण चोवीस तास! इथं तासाचा भरवसा नव्हता. रुग्णवाहिका बोलावली, ती निघालीय म्हणाले, पण जयंतीच्या गर्दीत रस्ता तुंबलेला.

ताई बाहेर आल्या. काळोखात चहूकडे पाहिलं. आणि काय दिसलं? सगळ्या वसाहतीत एकाच ठिकाणी उजेड होता. कुठं?

बरोबर! देवळात! त्या वैकुंठवासी देणगीदाराचं मीटर! ज्याच्या नावानं ताईंनी बोटं मोडली, ज्याला योजनेत ओढायला जंग जंग पछाडलं, ते मीटर तेवढं चालू होतं. दत्तमहाराजांनी पंचामृत घेतलं होतं रोजच्या रोज, पण ही पंचामृत योजना काही घेतली नव्हती!

मंदाताई पासष्टीच्या. गुडघे दुखरे. त्यांनी मांडववाल्याचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि निघाल्या. कुणाची परवानगी नाही, कुणाला विचारणं नाही. देवळातल्या प्लगात एक टोक खोचलं आणि वायर सोडत मागं मागं येऊ लागल्या. भेंडोळं संपलं, दुसरं जोडलं. तोवर लोक जमले, मोबाइलचे दिवे धरले, पाइपवरून, कुंडीवरून, खिडकीच्या गजातून वायर आत गेली. आणि मशीन बोललं. घर्रघर्र... मंडळी, आपण देवळात घंटा वाजवतो. त्या रात्री चंदनबागेला त्या घर्रघर्रीपुढं घंटा फिकी वाटली. पाठोपाठ रुग्णवाहिका आली, डॉक्टरांनी नानांना तपासलं, म्हणाले आता धोका नाही, हेच मशीन चालू ठेवा.

सकाळी जयंतीचा अभिषेक. मंदाताई देवळात येऊन बसल्या, त्या वायरीजवळ. कुणाचा पाय अडकू नये म्हणून राखण करत होत्या. समोर अभिषेक चालला होता. आधी दुधाचं स्नान, मग शुद्ध पाणी. मग दह्याचं, मग पाणी. मग तूप, मग मध, मग साखर, आणि दरवेळी मधे शुद्ध पाणी. हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्या दिवशी मात्र त्या बघतच राहिल्या.

अरे, पाच वाट्या वेगळ्या! दूध नासलं तर दुधाची वाटी बाजूला करता येते, मधाला धक्का नाही. एकाचा अंश दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधे पाणी. पाचही गोष्टी एकत्र होतात त्या अगदी शेवटी, तीर्थ म्हणून तळहातावर घेताना. आणि आपण काय केलं? पाचही वाट्या आधीच एका पातेल्यात ओतल्या आणि पळी दुसऱ्याच्या हातात दिली!

ताई उठल्या. तीर्थ घेतलं आणि थेट कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथला साहेब तरुण होता, चांगल्या घरचा, अदबीनं बोलणारा. ताईंनी सांगितलं, टीव्ही आणि इंटरनेट तुमच्याकडं एकत्र राहू द्या, ते बंद पडलं तर कुणी मरत नाही. पण लाइट, गॅस आणि पाणी यांची बिलं वेगळी करा, एकाच्या भांडणात दुसरं तोडायचं नाही, असं लिहून द्या.

साहेब म्हणाला, "मॅडम, यंत्रणेत तसा पर्यायच नाही. घेतलं तर पाचही, नाही तर काहीच नाही."

"मग मी बसते," ताई म्हणाल्या.

"कुठवर बसणार?"

"पेन्शन चालू आहे माझी. आणि दुपारची झोप आता तशीही लागायची नाही."

आणि बसल्या! वसाहतीनं पूर्ण बिल भरून जोडणी परत मिळवली होती, तरी रोज डबा घेऊन जायच्या. तिकडं बसून यायच्या आणि संध्याकाळी वसाहतीत दारोदार फिरायच्या. तीच दारं, त्याच बेला. पण या खेपेला पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "मी न वाचता तुम्हाला सह्या करायला लावल्या, चूक माझी." मंडळी, स्वस्त योजना विकायला दारोदार जाणं सोपं आहे. आपली चूक घेऊन त्याच दारात पुन्हा उभं राहून बघा! काही जणांनी ऐकवलं. काही म्हणाले, वेगळं घेतलं तर खर्च वाढेल. ताई म्हणायच्या, वाढेल, मी बेरीज केली आहे. पण आधीच्या बेरजेत मी नानांचा श्वास धरायला विसरले होते.

शेवटी वसाहतीनं एकमतानं ठरवलं, बिलं वेगळी हवीतच. कंपनी नमली का? नाही नमली. पाच नाही तर शून्य, म्हणाली. ताई म्हणाल्या, मग शून्य! बोर्डाची मीटरं परत आली, सिलिंडर परत आले, टँकर आला, आणि दारावरच्या बेला पुन्हा सुरू झाल्या. ती देवळातली वायर मात्र मीटर बसेपर्यंत कुणी काढली नाही.

मीटर बसलं त्या दिवशी मंदाताई गोदाक्कांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अक्का, मी शब्द मोडला. गोदाक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मोडलाच की. त्यो कंपनीनं न्हाई मोडला, तुमीच मोडला. पर वायर खांद्यावर टाकून अंधारातनं कोन आलं, ते बी मी बघितलंय. बसा, गरम भाकरी खावा."

तर तिसऱ्या रांगेतले गृहस्थ, आता वर बघा. घ्यावी का स्कीम? स्वस्त असेल तर जरूर बघा. पण सही करण्याआधी गोदाक्कांचा प्रश्न विचारा, यातलं एक बिघडलं तर दुसरं काय काय बंद पडणार? उत्तर लेखी घ्या. आणि मी जे सांगतो ना, सगळा भार एकावर टाका, ते ज्याच्याबद्दल सांगतो त्यानं उन्हाचं बिल कधी पाठवलं नाही. एक दिवस तोही आपली जोडणी तोडणार आहे, बाबांनो! पण टीव्हीचे पैसे राहिले म्हणून नाही तोडणार.

आणि बाकीचे हसू नका, तुमच्याकडेच येतोय. तुम्ही प्रत्येकानं आयुष्यात कुणाच्या तरी हातावर हात ठेवून म्हटलंय, "मी आहे ना." म्हटलंय की नाही? म्हाताऱ्या आईला, विधवा बहिणीला, शेजाऱ्याला? डोळे मिटा आणि ते घर आठवा. उद्या त्या घरात अंधार झाला, तर तुमची वायर तिथवर पोचेल का? पोचत नसेल, तर इथून उठल्यावर आरतीचं ताट माझ्याकडे आणू नका. आधी त्या घरी जाऊन या, आरतीला आम्ही थांबतो.