दोन पोटांची होडी

मी मूळचा निरवांगीचा. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती, वडलांनी ऊस लावला आणि मला धाडलं साखर कारखान्यात, फिटर म्हणून. सगळी नोकरी तिथंच गेली. पाण्याशी माझा संबंध म्हणाल तर बॉयलरातल्या पाण्याशी, मला अजून पोहता येत न्हाय. हे आधी लिवा, कारण उजनीच्या पाण्यावर शर्यत मारलेली होडी या तात्यानं केली असं इंदापूरपासून बारामतीपर्यंत सांगत्यात, आणि ते खरं न्हाय.

होडी रूपालीची. माझ्या धाकट्या भावाची लेक. जहाजं कशी बांधायची ते शिकून आली आणि माझ्या शेडात येऊन म्हणली तात्या, मला शिडाची होडी करायचीय, शर्यतीची, दोन पोटांची. म्हणजे दोन लांब, अरुंद पोटं, एकमेकांपासून चांगली लांब, मधी दोन आडव्या नळ्या, त्यावर बसायला जाळं ताणलेलं आणि वर शीड. इंजिन न्हाय. मी म्हणलं अगं ह्या तर काकड्या झाल्या, बुडशील. ती म्हणली बारीक हाय म्हणून पाणी कापती आणि मधी अंतर हाय म्हणून कलंडत न्हाय, एका पोटाच्या होडीला उभं राहायला खाली वजन टांगावं लागतं, हिला लागत न्हाय. जेवढी हलकी तेवढी पळणार. मला कुठलं पटायला.

आता काय सांगू तुम्हाला, कारखान्यातल्या माणसाची खोड असती. हललं की लोखंड लाव, वाजलं की लोखंड लाव, आमी जलमभर तेच केलं. ती जेवायला गेली तशी मी नळ्यांना खालनं लोखंडी पट्ट्या मारल्या, आणि दोन्ही पोटांच्या पुढच्या टोकांना जास्तच मारल्या, कारण धडकली तर तिथंच धडकणार. पाण्यात सोडली, शिडात वारा भरला आणि होडीनं जे नाक खुपसलं ते मागची बाजू पार आभाळाकडं. रूपाली जाळ्यावरनं उडून पाण्यात. काठावरची माणसं हसली, म्हणली पोरीचं शिक्षाण बुडालं. ती निथळत आली, खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणली तात्या, ही उसाची गाडी न्हाय. सगळ्या पट्ट्या मलाच काढायला लावल्या.

शर्यतीला तीच होडी, पट्ट्यांशिवाय. वारा आला आणि वाऱ्याकडचं पोट पाण्यातनं वर उचललं, होडी एकाच पोटावर पळाया लागली, मुंबईचे क्लबवालेसुद्धा मागं. मी काठावर ओरडतोय, दाब, दाब तिला खाली. मला वाटलं उलटली. ती तशीच पळवायची होती, एक पोट पाण्याबाहेर म्हणजे पाण्याची ओढ कमी, हे मला नंतर तिनं सांगितलं. असा मी होडीवाला.

आणि सत्कार कुणाचा, तर माझा, होडी माझ्या शेडातनं निघाली म्हणून. म्हातारा फिटर, कमी शिकलेला, लोकांना गोष्ट गोड लागती. फेटा, शाल, नारळ, आणि समोर मोबाईलवर व्हिडिओ काढणारे. रूपाली मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. माझ्या हातात माईक दिला. मी म्हणलं आभारी हाय, आणि खाली बसलो. तिचं नाव तोंडापर्यंत आलं होतं. टाळ्या बऱ्या वाटल्या, दुसरं काय.

तेव्हापासनं सांगत सुटलोय, होडी रूपालीची. लग्नात सांगितलं, कारखान्याच्या गेटवर सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं. लोकं म्हणत्यात तात्या किती साधा माणूस, सगळा मान पुतणीला देतो. म्हणजे परत मोठेपणा मलाच. डोकं आपटावं का कुठं.

आता गोव्याच्या एका होड्या बांधणाऱ्या कंपनीत ती नोकरी मागायला गेली, तर ते म्हणले ही होडी तुमची कशी, व्हिडिओत तर म्हातारा हाय. ती मला एका शब्दानं बोलली न्हाय, तिच्या आईकडनं कळलं. म्हणून हे कागदावर लिवून घ्यायला तुम्हाला बोलावलं. लिवलं का? वाचा बघू वरची ओळ.

काय म्हणलात? निरवांगीच्या तात्यांनी पुतणीच्या मदतीनं?

अहो, मगापासनं मी काय सांगतोय. खोडा ते. होडी रूपालीनं केली. मदत मी केली, आणि ती बी आधी बुडवायचीच केली. हां, असं लिवा. कंपनीला हेच धाडा, खाली माझी सही घ्या. पोरगी जाऊ दे समुद्रावर, तिला भरपूर वारा मिळू दे. मी काठावर उभा राहीन, आणि दाब म्हणून ओरडणार न्हाय.